पट्ट्या भिजवायचं पाणी

“हात लावायचा नाही,” हे बाईंचं पहिलं वाक्य. नमस्कार त्यानंतर, आणि तोही मनात असला तर.

शेवगावात मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. आमच्या भिंतीला भिंत लावून एकट्या राहायच्या. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी भांडण न होताच अबोला असतो. बाईंचा साऱ्या गल्लीशी तसा होता, आणि गल्लीचाही त्यांच्याशी.

त्यांचा भाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक खोका पाठवला. आत जुन्या काळच्या, तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाचे लाकडी सुटे भाग आणि एक आराखडा. शाळा सुटली की बाई खिडकीशी बसून ते जहाज जोडायच्या. एकदा मी डोकावून म्हणालो, “छान जमलंय, बाई.”

“जमलेलं नाही. डावी बाजू दोन सूत बाहेर आहे. आणि उजेड अडवू नका.”

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आड आटले, गल्लीत दिवसाआड टँकर यायला लागला. मी तहसील कचेरीत कारकून, म्हणून पाण्याची यादी माझ्याकडे. माणशी एक हंडा.

नेमकं तेव्हाच जहाजाच्या अंगाला लाकडी पट्ट्या बसवायचं काम निघालं. त्या भिजवल्याशिवाय वाकत नाहीत, कडाकड मोडतात. बाईंच्या खिडकीत पाण्याने भरलेला पत्र्याचा लांबट डबा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू लागला.

“आमच्या लेकरांला पानी न्हाई, आन् हिची लाकडं पानी पित्यात,” समोरच्या सोनाबाई टँकरच्या रांगेत म्हणाल्या. “नाव काढा हिचं यादीतनं.”

दोघीचौघींनी माना हलवल्या. बाई हंडा घेऊन तिथेच उभ्या होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी नाव खोडलं. खरं सांगतो, मला कुणी फारसा आग्रह केलाच नव्हता. मला ते खोडायचंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई गावाबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीवरून कळशी आणू लागल्या. जाऊन-येऊन दोन मैल, मग शाळा. आठवडाभर ते पाहून माझी बायको न राहवून त्यांच्याकडे गेली. रात्री जेवायला वाढताना म्हणाली, “डब्यातलं पाणी महिन्यापूर्वीचं आहे. चहासारखं काळं झालंय, वास मारतो. तेच पुन्हा पुन्हा वापरतात. कमी झालं की तोंड धुतलेलं त्यात ओततात.”

“मग त्या तेव्हाच का नाही बोलल्या?”

“तुम्ही विचारलं होतंत का?”

पुढच्या टँकरला पहिला हंडा भरून मी त्यांच्या दारी नेला. “बाई, चुकलं माझं. नाव पुन्हा लिहिलंय.”

बाईंनी तो हंडा कमरेवर घेतला, गल्ली ओलांडली आणि सोनाबाईंच्या दारातल्या रांजणात सावकाश ओतला. थेंब सांडू दिला नाही. सोनाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. घरात पोरं तहानलेली, म्हणून त्यांना ते पाणी परत करता येईना. रिकामा हंडा माझ्या हातात देत बाई म्हणाल्या, “माझी सोय झाली आहे.”

टँकर बंद होईपर्यंत त्यांनी मळ्यातूनच पाणी आणलं.

पुढच्या वर्षी त्यांची कोपरगावला बदली झाली. जहाज पुरं झालं होतं. ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्या एस.टी. स्टँडवर आल्या. आम्ही नवराबायको आणि मागे सोनाबाई, असे तिघे गेलो होतो. बायकोने डब्यात दशम्या बांधून दिल्या, त्या बाईंनी घेतल्या. “येते,” असं तिला म्हणाल्या. मी पुढे होऊन काहीतरी बोललो, आता शब्द आठवत नाहीत. बाईंनी कंडक्टरला विचारलं, “गाडी किती वाजता सुटते?”

गाडी सुटली. त्या पलीकडच्या खिडकीशी बसल्या होत्या, त्यामुळे आम्हाला फक्त त्यांचा अंबाडा दिसत राहिला.