मेक्सिकोला जायचा चौथा कौल

अख्ख्या सिंधुदुर्गात माझ्या मामाइतका तयारीचा माणूस झाला नाही, आणि इतकी तयारी करून शेवटी घरीच बसणारा तर त्रिखंडात शोधून सापडायचा नाही. हयात मच्छीमारी बोटीचा तांडेल म्हणून समुद्रावर काढलेली, पण जमिनीवरच्या प्रवासाचं नाव काढलं की याला धास्ती. एसटी आठची असेल तर हा सहाला मालवणच्या स्टँडवर हजर. तिथे ड्रायव्हरला गाठून त्याची झोप नीट झाली का, याची चौकशी करणार. पिशवीला नायलॉनची दोरी अशा गाठी मारून बांधणार की सोडताना स्वतःच घामाघूम. एकदा कसालला लग्नाला म्हणून निघाला तो आदल्या दिवशीच पोचला, मांडव घालणाऱ्यांना गाठी कशा माराव्यात ते शिकवलं, समुद्राची गाज ऐकू येत नाही म्हणून डोळ्याला डोळा लागेना, आणि नवरदेव यायच्या आत हा मालवणात परत. आहेर मात्र न विसरता ठेवून आला.

अशा माणसावर २००६च्या उन्हाळ्यात मेक्सिको सिटीला जायची वेळ आली. मामाची एकुलती एक मुलगी, तिला आम्ही बाय म्हणतो. आठ वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा मामाने भर मासळी बाजारात सांगून टाकलं होतं, "आजपासना माका चेडू नाय." मामी तर त्याआधीच गेलेली. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी बाय मेक्सिकोला गेली आणि बापलेकीचं बोलणं बंद ते बंदच राहिलं. आता तिला सातवा महिना होता. आधीचं एक हातचं गेलेलं, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून बजावलेलं, नवरा दिवसभर कामावर. तिने मामाला नाही, माझ्या झेरॉक्स-इंटरनेटच्या दुकानात फोन केला. "दादा, बाबाक धाड," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

निरोप ऐकून मामा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो तयारीला लागला. रोज सकाळी दुकानात येऊन मेक्सिकोचा वारा कुठून वाहतोय ते मला कॉम्प्युटरवर बघायला लावायचा. इतकं मोठं शहर आणि जवळपास समुद्र नाही, मग लोक जेवतात तरी काय, हे कोडं त्याला आठवडाभर पुरलं. त्यातच माझी जीभ घसरली आणि मी सांगून बसलो की ते शहर जुन्या तळ्यावर वसलंय आणि वर्षाला थोडं थोडं खाली बसतंय. झालं! हा उठून उभाच राहिला. बुडत्या बोटीवर माणसं ठेवतात का, हे मला असं काही विचारू लागला, की जणू ते शहर मीच वसवलंय. कुळथाचं पीठ, सोलं आणि सुकट यांच्या पुड्या तीनदा बांधून तीनदा सोडल्या. बायचं निमंत्रणाचं पत्र आलं, व्हिसा आला. मुंबईच्या एजंटाने गुरुवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत जागा धरून ठेवली होती. ती गेली असती तर पुढचं तिकीट दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे बाळंतपण होऊन गेल्यावर.

सोमवारी मामा म्हणाला, देवाचा कौल घेतल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. यात वावगं काही नाही. आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटायची असो की सोयरीक जुळवायची असो, ग्रामदेवतेला कौल लावतातच. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सोमवारी उजवी पडली. मामा म्हणाला, पाकळी जास्त भिजली होती. मंगळवारी उजवी पडली, तेव्हा देवळातला पंखा आडवा आला. बुधवारी गुरवाने पंखा बंद केला, पाकळी बेताने भिजवली, तरी देव आपल्या शब्दाला जागला. गुरुवारी संध्याकाळी सहाला मामा चौथ्यांदा देवळात गेल्याचं कळलं आणि माझं डोकं फिरलं. मोटारसायकल काढली नि तसाच गेलो.

गुरव तबक बाजूला ठेवून बसला होता. दिलेला कौल पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं, ते आपल्या हातून व्हायचं नाही, असं त्याने साफ सांगितलं होतं. मी तोंडाला येईल ते बोललो. तिकडे पोर एकटी पडलीय आणि हा इथे पाकळ्या मोजतोय! शेवटी म्हणालो, "मामा, तुका कौल नको आसा. तुका देवाकडना नकार व्हयो आसा."

मामा पायरीवर खाली बसला. मग म्हणाला, "विमानाचा भय नाय रे माका. थंय उतारल्यार ती माका बाबा म्हणान हाक मारतली की नाय, ह्याचा भय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला आपण इतके दिवस हसत होतो, याची लाज वाटली. गुरवाने कौल लावला नाही, पण उठून हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो बापूस लेकीक भेटाक जाता. थंय ग्येल्यार ह्याच्या तोंडातना धड शब्द येवंदे." मी "व्हय म्हाराजा" म्हणालो. मामाही म्हणाला, पण पुटपुटत. सात वीसला दुकानात पोचलो. इंटरनेट लागेना, म्हणून एजंटाला फोन केला आणि तो शटर ओढायच्या आत तिकीट पक्कं केलं.

दिवाळीला मामा परत आला. नातीचे फोटो दाखवून त्याने अर्ध्या मालवणला वीट आणला. गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, बायच्या दारात पोचल्यावर काय झालं? मामा खुर्चीत सावरून बसला. "तिका हाक मारूक दिलंय खंय? मीच आधी मारलंय, 'बाय' म्हणान. तशी ती वळली."

पुढे कधीतरी फोनवर मी बायला हे सांगितलं.

"दादा, बाबाचो आवाज फुटाकच नाय रे. नुसते ओठ हलले," ती म्हणाली. "पण हाक माका ऐकाक इली, असाच मी तेका सांगलंय."