आवडली, असंच लिहायचं

फेब्रुवारी लागला की मला बोर्डाच्या परीक्षेची धास्ती बसते. काष्टीजवळच्या एका गावात मी दहावीला मराठी शिकवते. गणिताच्या सरांबद्दल लोकांना सहानुभूती असते, इंग्रजीच्या मॅडमना सगळं माफ असतं, मराठीच्या बाईला मात्र कुणी वाली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी चार पोरं मराठीत नापास झाली, तेव्हा मुख्याध्यापक भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मराठीत नापास? घरी काय जर्मन बोलतात का ही पोरं?" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन रडले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पुढच्या वर्षीपासून साचे तयार केले. कवितेवरच्या प्रश्नात ठरलेले मुद्दे असतात. कवितेचा विषय, मध्यवर्ती कल्पना, दिलेल्या ओळींचा अर्थ आणि शेवटी 'कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण'. या शेवटच्या मुद्द्यासाठी मी एक वाक्य फळ्यावर लिहून द्यायचे: 'प्रस्तुत कविता मला खूप आवडली, कारण कवीने साध्या, सोप्या आणि ओघवत्या भाषेत जीवनातील सत्य मांडले आहे.' हे वाक्य पावसाच्या कवितेला चालतं, देशाच्या चालतं, झाडाच्याही चालतं. मुलं ते पाढ्यासारखं पाठ करत. न आवडण्याचं कारण कुणी लिहायचं नाही, असा माझा नियमच होता. पेपर तपासणारा कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नसतं. त्याच्यापुढे गठ्ठा पडलेला असतो. त्याच्याशी वाद घालून दोन गुण घालवायचे कशाला, असं मी दरवर्षी सांगायचे आणि मुलं माना डोलवायची.

दोन वर्षांपूर्वीच्या वर्गात एक मुलगी होती. खिडकीजवळ बसायची, अक्षर बारीक आणि सरळ. तिची आई रोजंदारीवर लिंबं तोडायला जायची आणि रविवारी ही पण तिच्याबरोबर जायची. आमच्या भागात लिंबाच्या बागा पुष्कळ, त्यामुळे सोमवारी वर्गात ओरखडलेले हात नवीन नव्हते. तिला नगरच्या एका मुलींच्या वसतिगृहात जायचं होतं. तिथे टक्क्यांवरच जागा मिळायची. एक-दोन गुण इकडचे तिकडे झाले तरी नाव खाली जाणार, हे तिला माहीत होतं आणि मला तर झोपेतही माहीत होतं. तिच्या आईने पालकसभेत मला विचारलं होतं, पोरगी बसंल ना त्यात? मी बसेल म्हणाले होते. तेव्हापासून तिच्या टक्क्यांची काळजी तिच्यापेक्षा मलाच जास्त लागली होती.

तिची शब्दवही बघण्यासारखी होती. मी वर्गाला सांगितलं होतं, धड्यात अडलेला शब्द लिहायचा, अर्थ लिहायचा आणि स्वतःचं एक वाक्य करायचं. बाकीची पोरं वाक्य करताना एकमेकांची ढापायची. ही 'अविरत'पुढे लिहायची, 'आमच्या शेजारची मोटर अविरत चालते, म्हणून आमच्या नळाला पाणी येत नाही.' मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

त्या वर्षी आम्ही आईवरची एक कविता शिकत होतो. तीत आई अविरत कष्टते, कधीच दमत नाही, वाटेवरचे काटे तिला फुलं वाटतात आणि लेकराचं तोंड पाहिलं की ती कृतार्थ होते. मी अलंकार विचारला. तिने हात वर केला आणि अतिशयोक्ती असं बरोबर उत्तर दिलं. एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा फार फुगवून सांगणं, ही व्याख्याही तिने सांगितली. मी शाबास म्हणाले. मग तिने विचारलं, "फुगवून सांगितलंय हे कळलं, आणि ते पटलं नाही, तर काय लिहायचं?"

मी म्हटलं, लिहून आण, बघू. माझी चूक तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी तिने उभं राहून वाचलं.

"ही कविता मला आवडली नाही. कवी म्हणतो, आईला काटे फुलं वाटतात. माझी आई लिंबं तोडते. तिला काटे काटेच वाटतात. संध्याकाळी ती दारात बसून सुईने ते काढते आणि तेव्हा कुणाशी बोलत नाही. ती दमते. आई दमत नाही असं सगळे म्हणत राहिले, तर तिला बस म्हणायचं कुणाला सुचणारच नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. इतक्या वर्षांत मुलांनी कवितेवर लिहिलेली शेकडो उत्तरं मी तपासली होती, पण कविता खरोखर वाचून लिहिलेलं असं उत्तर पहिल्यांदाच ऐकत होते. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी भीती वाटली. आईवरच्या कवितेला नावं ठेवणारी मुलगी परीक्षकाला उद्धट वाटली तर? त्याने रागाने दोन्ही गुण कापले तर?

मी म्हणाले, छान लिहिलंस, पण बोर्डात हे लिहू नकोस. ती म्हणाली, प्रश्नातच 'वा न आवडण्याचे' असं छापलंय ना, मॅडम? मी म्हणाले, "छापलंय. पण लिहायचं नसतं." बोलून गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. तरी शब्द मागे घेतला नाही. तिने वही मिटली आणि खाली बसली.

मार्चमध्ये बोर्डाचा पहिला पेपर मराठीचाच होता. केंद्र शेजारच्या गावात होतं. मी तास संपवून तिकडे गेले आणि फाटकासमोरच्या रसवंतीपाशी उभी राहिले. पेपर कसा असेल या विचारात घेतलेला रस तसाच हातात राहिला. तिची आईही आली होती, अर्धा रोज बुडवून. धुतलेलं लुगडं, कोपरापर्यंत ओरखडे. आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोललो, पण लक्ष दोघींचंही फाटकाकडे होतं.

मुलं बाहेर आली. पहिल्याच पोराने सांगितलं की आईची कविता आली होती. मग ती आली. आई दोन माणसं मागे होती, तेवढ्यात मी तिला हळूच विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, "आवडली."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्या पाठीवर थाप मारली. गुण पक्के होते. तिने मान खाली घातली होती. पेपरच्या थकव्यामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

एवढ्यात आई पुढे आली. तिने पोरीला काही विचारलंच नाही, माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हिनं मला वाचून दावलं हुतं, माझ्यावर लिव्हलेलं. काट्याचं. मी म्हनलं, येवढं कुनी माझ्याकडं बघितलंच न्हवतं. आज तीच कविता आली म्हनत्यात पोरं. मंग तेच लिव्हलं ना हिनं?"

मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या पॅडची क्लिप उघडझाप करत ती म्हणाली, "व्हय आई, तेच लिव्हलं."

आईचं तेवढ्याने भागलं नाही. शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं तिला. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. वर्गात जे बोलायचं राहिलं होतं ते तिथे, त्या दोघींसमोर, बोलता आलं असतं. चूक माझी आहे, मीच नको म्हणाले होते, एवढंच सांगायचं होतं.

"हो," मी म्हणाले, "तेच लिहिलंय."