‘टाकली’ नव्हे, ‘टाकलीस’

त्या रविवारची दुपार निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आरे कॉलनीचा काही भाग आमच्या हद्दीत येई. साडेबाराच्या सुमारास खबर आली, चार वर्षांची मुलगी बेपत्ता. एक कुटुंब बागेत वाढदिवस साजरा करायला आलं होतं. मोठा स्पीकर लावून सगळे नाचत होते. केक कापताना लक्षात आलं, मुलगी नाही.

मूल हरवलं की आम्ही थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवतो. दोन पथकं पाठवली. आरेत दाट झाडी आहे, तलाव आहे, बिबट्याही आहे. मुलीची आई ठाण्याच्या बाकावर तिची एक चप्पल हातात धरून बसली होती. रडतही नव्हती. अशा आईकडे बघवत नाही.

दीड वाजता एका रिक्षावाल्याचा फोन आला. “साहेब, निळा शर्टवाला एक लंबा माणूस लहान पोरीला हाताला धरून तबेल्याच्या रस्त्याने नेत होता. पोरगी रडत होती.” बसथांब्याजवळच्या कॅमेऱ्यात तेच दिसलं. दोन वाजता तो माणूस आमच्या पथकाला त्याच थांब्यावर सापडला. एकटाच उभा, पुढे-मागे डुलत. मुलगी जवळ नव्हती.

वय तिशीचं. ठाण्यात आणल्यावर तो नजरेला नजर देत नव्हता. नजर चुकवणारा काहीतरी लपवतो, हे मीच नवीन पोरांना शिकवत आलो होतो.

उपनिरीक्षकाने टेबलावर हात आपटला. “पोरगी कुठाय?”

“पोरगी कुठाय,” तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

“नाटकं करतो? तू नेलीस ना तिला?”

“नेलीस ना तिला.”

उपनिरीक्षकाने त्याच्या थोबाडीत मारली. मी समोर होतो, अडवलं नाही. बाहेर जमाव वाढत चालला होता, वरून फोन येत होते, आणि एक-एक मिनिट त्या मुलीच्या जिवातून वजा होतंय असं मला वाटत होतं. मी पुढे झालो आणि स्वतः विचारलं, “तलावात टाकलीस?”

“तलावात टाकलीस.”

मी अग्निशमन दलाला फोन लावायला सांगितलं. दाराबाहेर मुलीच्या बापाने ते ऐकलं. “सोडा मला, मारून टाकतो त्याला!” तो ओरडत होता. दोन हवालदारांना त्याला आवरताना घाम फुटला.

जबाब लिहिणारी महिला शिपाई मात्र पेन थांबवून बसली होती.

“सर, काय लिहू?”

“काय लिहू म्हणजे? तलावात टाकली.”

“पण सर, तो ‘टाकली’ म्हणतच नाहीये. ‘टाकलीस’ म्हणतोय. आपलाच शब्द परत देतोय.”

मी त्या माणसासमोर खाली बसलो. आवाज उतरवला. “तू पोलीस आहेस?”

“पोलीस आहेस.”

“तू झाड आहेस?”

“झाड आहेस.”

मी उठून टेबलाकडे वळलो. त्याच्याकडून काढून घेतलेल्या वस्तू ट्रेमध्ये पडल्या होत्या. त्यात गळ्यातलं एक कार्ड होतं. पंधरा मिनिटं ते तिथेच होतं आणि आमच्यापैकी एकानेही वाचलं नव्हतं. ‘मला ऑटिझम आहे. माझ्यावर ओरडू नका. आईला फोन करा.’ खाली नंबर.

आई जवळच राहत होती. साठीला आलेली, मूळची मालवणकडची. हाताला पीठ लागलेलं, तशीच आली. आधी तिने मुलाचा लाल झालेला गाल बघितला, मग आमच्याकडे.

“साहेबांनू, ह्याला प्रश्न नाय विचारायचे. घाबरला की तुमचंच बोलणं परत बोलतो. मारलंत तर आणखी बोलेल.”

“मुलगी कुठे आहे, एवढं विचारा त्याला.”

“विचारत नाय,” ती म्हणाली. त्याच्यासमोर हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, “चल, माका दाखव.”

तो उठला.

जीप थांब्यापर्यंत नेली. सायरन बंद ठेवला. तिथून तो पुढे, आई मागे आणि आम्ही त्यांच्या मागे. रस्त्यातल्या प्रत्येक वळणावर मला वाटे, हा तलावाकडे वळणार. तो वळला नाही. एका बंद पडलेल्या गोठ्यात शिरला. आत चाऱ्याच्या खोलीत गोणपाटावर मुलगी झोपली होती. कानांवर मोठे हेडफोन, उशाला पाण्याची बाटली. तिचा श्वास चालू आहे हे मी वाकून बघितलं, मगच माझा श्वास सुटला.

मुलगी जागी झाली आणि एवढंच म्हणाली, “तिकडे खूप आवाज होता. दादाने आवाज बंद केला.”

आवाज सहन झाला नाही की तो हेच हेडफोन लावून त्या गोठ्यात जाऊन बसे, हे त्याच्या आईला ठाऊक होतं. “मग तिला सोडून थांब्यावर का उभा राहिला?” मी विचारलं.

“हरवलं की थांब्यावर उभं राहायचं, आई येईपर्यंत हलायचं नाय, असं मी शिकवलंय. पोरगी झोपली, म्हणून तिच्या जागी हा उभा राहिला.”

थोबाडीत मारल्याची नोंद मी स्टेशन डायरीत केली. मी अडवलं नाही, हेही लिहिलं. चौकशी झाली. उपनिरीक्षकाला शिक्षा झाली, मलाही ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. पण न्यायालय पुढची गोष्ट. त्या दुपारी दारातल्या जमावाने तो माणूस आमच्या हातून ओढून नेला असता, तर तो नियम कोणाच्या उपयोगाचा होता? आणि आम्ही तलाव उपसत बसलो असतो.

निघताना मी त्या माउलीची माफी मागितली. तिने मुलाच्या शर्टाची बटणं नीट लावली, कार्ड परत गळ्यात घातलं.

“आज फोन लागला, साहेब,” ती म्हणाली. “उद्या फोन उचलायला मी नसले, तर तुम्ही जे विचाराल ते हा कबूल करणार. तेव्हा काय करायचं, सांगा.”

माझी छत्तीस वर्षं नोकरी झाली होती. मी स्टेशन डायरी उघडली आणि तिचा प्रश्न त्या नोंदीखाली लिहिला.