पाय धुऊन मिळालेल्या खोल्या

नागपूरच्या त्या परक्या घरी मी आधी पाय धुतले, मग झोपाळ्यावर बसलो आणि पिशवीतल्या तुरीच्या शेंगा सुपात ओतल्या. घर चुकलंय हे कळायला त्यानंतर अख्खा चहा संपावा लागला.

साठ-एकसष्टची गोष्ट. घाटंजीहून माझी नागपूरला बदली झाली होती. खोल्या शोधायला बायको आठ दिवस आधीच लेकरांना घेऊन बहिणीकडे गेली होती. रविवारपर्यंत जागा मिळाली नाही, तर मी एकटा खानावळीत आणि ती लेकरांसह परत घाटंजीत, असं ठरलेलं. त्या दिवशी शनिवार होता.

मेहुणीची ती वस्ती इतकी शांत, की भर दुपारी निंबाचं पान पडलेलं ऐकू यावं. सगळे बंगले सारखे, सगळी फाटकं हिरवी, आणि पत्ता विचारायला रस्त्यावर माणूस नाही! आमच्या घाटंजीत विचारायच्या आधीच चार जण सांगतात. मी आपला अंदाजानं एका फाटकात शिरलो.

ओट्यावर एक वयस्कर बाई होत्या. मला वाटलं, मेहुणीच्या चुलतसासूबाई. त्यांना वाटलं, आपल्या माहेरचं कोणीतरी. आमच्याकडे चहापाणी होईस्तोवर ‘तुम्ही कोण’ असं पाहुण्याला विचारत नाहीत, आणि त्या निघाल्या आमच्याच भागातल्या, दारव्ह्याच्या!

“घरचे सगळे बरे?”

“बरे हायेत.”

“यंदा तूर चांगली दिसून राह्यली.”

शेंगा सोलता सोलता मी बदलीचं, खोल्यांचं सगळं रडगाणं गायलो. शेवटी विचारलं, “अन् आमची बायको कुठी गेली?”

त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. “कोणाची बायको?”

उलगडा झाल्यावर मी चपला शोधू लागलो. त्या मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “चार वर्षं झाली इथं येऊन. शेंगा घेऊन कोणी आलं नव्हतं रे बापू. मागच्या दोन खोल्या रिकाम्याच हायेत. पाहून घे.”

तीन वर्षं राहिलो तिथं. तसा झोपाळा आणि तशी दुपार पुन्हा नशिबी आली नाही.

त्याच रविवारी सामान लावून झाल्यावर बायको म्हणाली, “आठ दिवस मी वणवण फिरली, कोणी फाटकाच्या आत घेतलं नाही. अन् तुम्ही पाय धुऊन बसले! आता मागच्या दारानं येत जा. समोरून गेले, तर त्या पुन्हा चहा ठेवतीन.”