भुताच्या बंगल्यातली जळमटं

मंडळी, मळवलीत आमच्या शेजारच्या बंगल्यात शूटिंग झालेला भुताचा पिच्चर आज दुपारी मोबाईलवर पाहिला. सोबत तो बंगला सांभाळणाऱ्या शांतामावशी होत्या.

पिच्चर बरा आहे. मी दोनदा दचकले. मावशी मात्र भुताकडे बघतच नव्हत्या.

"आगं, ही जळमटं कुटनं आली? मी रोज झाडते की!"

"मावशी, ती खोटी असतात. शूटिंगवाले लावतात."

"तुला म्हाईत हाय. बगनाऱ्यांना कुटं म्हाईत?"

भूत कोण, हे कळायच्या आधीच मावशी उठल्या आणि झाडू घेऊन बंगल्याकडे गेल्या.

पिच्चर पाहिलात तर स्टार तुमच्या मनाने द्या. पण बंगला लख्ख असतो, एवढं रिव्ह्यूत लिहाल का?