माझ्या नवसाचं लोटांगण

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. भुसावळच्या लोको शेडमध्ये मी फिटर होतो. इंजिन बिघडतं ते कुठल्या तरी कारणानंच, हे रोज हातानं चाचपून बघणाऱ्या माणसाला चमत्कारांचं फारसं कौतुक उरत नाही. घरात देव्हारा होता, सणावाराला कुलदेवीच्या नावानं नैवेद्य निघायचा, एवढंच. पण बायको छातीत पाणी होऊन दवाखान्यात पडली आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा माझी सगळी हुशारी गळून पडली. तिथंच व्हरांड्यात मी कुलदेवीला नवस बोललो. ही वाचली तर ओढ्यापासून तुझ्या उंबरठ्यापर्यंत लोटांगण घालीन.

ती वाचली. औषधानं म्हणा, नवसानं म्हणा, हळूहळू उठून बसली आणि महिन्याभरात घरी आली. चैत्रात देवीला जायचं ठरलं होतं. त्याआधीच शेडमध्ये साखळी निसटून मी पडलो आणि पाठीचा मणका दुखावला. आधी प्लास्टर, मग पोलादी पट्ट्या घातलेला कातडी कमरपट्टा. डॉक्टरांनी ताकीद दिली होती की वाकायचं नाही, नाहीतर पाय कायमचे जातील. वाकायचं नाही म्हणजे लोटांगण तर लांबच, पायातली चप्पलसुद्धा बायको घालून द्यायची. देवीनं माझी चांगलीच खोड मोडली, असं शेडमधले लोक हसून म्हणायचे आणि मीही हसायचो.

हसणं बंद झालं ते तिला पुन्हा धाप लागू लागली तेव्हा. रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप अरुंद झाली आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल आणि जितका उशीर होईल तितका धोका वाढेल. ती ऐकेना. तिचं माहेर दोंडाईचाकडचं. इतकी वर्षं रेल्वे कॉलनीत काढली तरी तिची अहिराणी तसूभर हलली नव्हती, आणि हट्टही त्याच मातीतला. "आधी देवीनं, मंग डॉक्टरनं," ती म्हणायची. नवस बाकी ठेवून ऑपरेशनच्या टेबलावर झोपायची तिची तयारी नव्हती. मी चिडलो, समजावलं, तिच्या भावाला बोलावून घेतलं, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हणाली, निदान दर्शनाला तरी घेऊन चला. दर्शन झाल्यावर ऐकेल, या आशेनं मी हो म्हटलं.

आमची देवी जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या अलीकडे आहे. जळगावच्या स्टँडवर आम्ही सकाळच्या गाडीत बसलो. तिथंच ती बाई चढली. करड्या रंगाचा ढगळ अंगरखा, डोक्याचं पूर्ण मुंडण, खांद्याला कापडी पिशवी. वय तिशीचं असेल किंवा पन्नाशीचंही असेल, त्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. कंडक्टरनं तिची पिशवी वर ठेवली, तशी ती हात पोटाशी धरून कमरेतून अशी काही खाली वाकली की त्यानं आपल्यामागे कुणी मोठा साहेब उभा आहे का ते वळून पाहिलं.

"चिनी तर नाही ना ही?" त्यानं मला हळूच विचारलं. "नाहीतर उगाच पोलिसांचं लचांड मागं लागंल." चीनशी झालेल्या लढाईला काही वर्षं उलटली होती, तरी लोकांच्या मनातून ती गेली नव्हती.

बाईनं ते ऐकलं असावं. ती हसून म्हणाली, "कोरिया."

"ते कुठं आलं?" कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं फाडायला लागला.

आमच्या शेजारी येताच ती माझ्या बायकोपुढे वाकली. बायको गोंधळली. कुणी साध्वी असेल असं समजून तिनं खाली वाकून तिचे पाय धरले. बाई त्याहून खाली गेली. मग बायकोला आणखी संकोच झाला. दोघींपैकी आधी सरळ कोण होणार हे काही ठरेना आणि अख्खी गाडी हसायला लागली. मग त्या बाईनं मलाही नमस्कार केला. मी काठी गिळल्यासारखा ताठ. मी सदरा वर करून पट्ट्यावर बोटांनी टकटक केली, तेव्हा तिनं समजल्यासारखी मान हलवली.

"कोठली शेस व माय तू?" बायकोनं तिला विचारलं. ती बाई उत्तरेत कुठंतरी पाली शिकायला आली होती आणि अजिंठा बघायला निघाली होती. ती बौद्ध भिक्षुणी होती. हिंदी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. त्यांच्याकडेही भेटल्यावर "जेवलात का" असंच विचारतात, हे ऐकून बायकोला फार बरं वाटलं. मी जरा खवचटपणे विचारलं, की दिसेल त्याच्यापुढे वाकता, मग देवापुढे काय वेगळं करता?  शब्द जुळवत ती म्हणाली, "झुकने में फरक नहीं. सामने कौन, बस. छोटा पहले झुकता. बड़ा भी झुकता, थोड़ा. एक झुके, दूसरा खड़ा रहे, तो काम आधा." लहानानं पाया पडायचं आणि मोठ्यानं ताठ उभं राहून आशीर्वाद द्यायचा, एवढंच आम्ही पाहिलेलं. मी मान डोलावली, पण मला ते फारसं पटलं नव्हतं.

आमचा थांबा यायला थोडं अंतर असतानाच गाडीच्या इंजिनातून वाफ यायला लागली. कशीबशी ती ओढ्यापाशी येऊन उभी राहिली. इंजिनाला पाणी कमी पडलं की ते तापतं, यात दैवी काही नाही, हे मी फिटर म्हणून सांगतो. ते कुठं तापलं, एवढंच नमूद करून ठेवतो. समोरच्या टेकाडावर आमच्या देवीचं देऊळ दिसत होतं. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, लोक निंबाखाली बसले, आणि आम्ही दोघं ओढ्याच्या वाटेनं निघालो.

ओढ्यात थोडंसंच पाणी होतं. बायको म्हणाली, पाय धुते, तुम्ही पुढे व्हा. चार पावलं गेल्यावर मी मागे वळलो तर ती पाण्यात बसून ओंजळी डोक्यावर घेत होती. ओलेत्यानं लोटांगण घालतात, हे मला कुणी सांगायला नको होतं.  मी तिला हाताला धरून थांबवायला गेलो.

"नवस तुमी बोलनात, पन वाचनू ते मी," ती म्हणाली. "मंग मीच फेडसू." तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं माझा हात सोडवला.

ती आडवी झाली. उठली, हात पोचले होते तिथं पाय ठेवला, पुन्हा आडवी झाली. तिसऱ्यांदा उठताना तिचे ओठ निळसर झालेले मी पाहिले. वर चढ होता, खडे होते, ऊन चढत होतं. मी पट्ट्याचे बंद सोडायला लागलो. पाय गेले तर गेले, असं त्या क्षणी खरंच वाटलं. पण मागचा बंद माझ्या हाताला येत नव्हता, आणि रागानं आणि भीतीनं मी भर रस्त्यात रडायला लागलो.

ती भिक्षुणी आमच्यामागून आली होती. ती बायकोजवळ बसली, तिची नाडी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तुटक हिंदीत सगळं सांगून टाकलं. माझा शब्द, माझी पाठ, हिचं हृदय. तिनं देवळाकडे बोट केलं. "वहाँ तक?" मी हो म्हणालो. तिनं पिशवी खाली ठेवली, ओढ्यावर जाऊन चेहऱ्यावर पाणी मारलं आणि वाटेवर येऊन उभी राहिली.

एव्हाना देवळाची झाडलोट बघणारे आबा वरून खाली आले होते. त्यांनी हात आडवा केला. "दुसऱ्यानं नवस फेडायचा तर घरचंच माणूस लागतं, भाऊ," ते मला म्हणाले. "वाटसरानं घातलेलं लोटांगण देवी तुमचं म्हणून कसं घेईल?" म्हातारा वाईट नव्हता. चालत आलं होतं तेच तो सांगत होता. मलाही ते खरंच वाटलं. शब्द मी दिला होता. कुठल्या दूर देशीच्या, दुसऱ्या धर्माच्या बाईला मी कोणत्या तोंडानं मातीत झोपायला सांगणार होतो?

बायकोनं तोवर श्वास सावरला होता. तिनं आपली पिशवी जवळ ओढली आणि देवीच्या ओटीसाठी आणलेले खण, नारळ आणि तांदूळ बाहेर काढले. मग ती त्या बाईला म्हणाली, "बस व माय." बाईनं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. बायकोनं ते बाजूला सारले, तिच्या करड्या अंगरख्याचा घोळ धरून पसरला आणि त्यात ओटी भरली. मुंडण केलेल्या बाईची ओटी आमच्यात कुणी भरत नाही. आबांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं, आणि ते काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "आते ती मन्ही बहीन शे, आबा. आते ते घरनी व्हयनी ना?"

आबांनी आडवा धरलेला हात खाली घेतला. मग वाटेतून बाजूला झाले.

ओटीतलं सगळं बायकोच्या मांडीवर ठेवून ती बाई उठली. तिची पद्धत आमच्याहून वेगळी होती. गुडघे, कोपरं आणि कपाळ जमिनीला, मग दोन्ही तळवे उलटे करून कानांजवळ जरासे उचलायचे, कुणाची पावलं झेलावीत तसे. मग उठून चार पावलं पुढे.  आम्ही दोघं मागून हळूहळू चालत होतो. मला करायला काहीच नव्हतं. माझ्या बदल्यात एक परकी बाई मातीत कपाळ टेकत होती आणि मला ताठ उभं राहून ते घ्यायचं होतं. शरण जाणं म्हणजे पालथं पडणं, अशी माझी समजूत होती. पालथं पडणं सोपं गेलं असतं, निदान ते माझ्या हातून झालं असतं. त्या चढावर माझं म्हणून काही उरलं नाही, आणि ते नुसतं घेत राहण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. अर्ध्या वाटेवर कधीतरी माझी लाज गळून गेली. देवी आहे की नाही हा प्रश्नही मी त्यानंतर स्वतःला विचारला नाही.

उंबरठ्यावर शेवटचं कपाळ टेकून ती उठली. कपाळाला माती, गुडघ्यांवर अंगरखा फाटलेला. देवीकडे पाठ फिरवून ती बायकोपुढे तशीच वाकली, बायकोही वाकली, आणि या वेळी कुणी हसलं नाही. खालून गाडीचा हॉर्न वाजला. बायकोनं पुढे केलेला ओटीचा नारळ काखेत धरून ती उतारावरून धावत गेली. नाव विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

बायको देवळाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "नवस फिटी गया. आते मुंबईले चाला."

पुढच्याच आठवड्यात आम्ही मुंबईला गेलो. ऑपरेशनच्या सकाळी तिला ढकलगाडीवरून नेत होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गाडी थांबली, तशी ती उठायला धडपडू लागली. आत जाण्याआधी तिला माझ्या पाया पडायचं होतं. ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत दोन महिने गेले होते. तेवढ्यात डॉक्टरांनी माझा पट्टा काढला होता, पण पाठ अजून पुरती सुधारली नव्हती. मी तिचा हात धरून तिला पुन्हा झोपवलं आणि गाडीच्या पायथ्याशी जाऊन जेवढं वाकता आलं तेवढं वाकलो. तिच्या पावलांवर मी कपाळ टेकवलं. पावलं थंडगार होती. नर्स थांबली, बाकावरची माणसं वळून पाहू लागली.

"उठा ना," बायको कुजबुजली, "लोके देखी राहिनात." पण तिनं पावलं काढून घेतली नाहीत. झोपल्या झोपल्याच तिनं हात जोडले आणि मान जरा पुढे झुकवली.

ती परत आली. तिच्या हातची भाकरी मी अजून खातो आहे, आणि त्यासाठी देवीचे आणि त्या बाईचे माझ्यावर जन्माचे उपकार आहेत. ती परत आली नसती तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही. पण दार मिटायच्या आधी आम्ही दोघं एकमेकांपुढे वाकलो होतो, आणि ते दार मिटलं तेव्हा मला काहीही मागायचं राहिलेलं नव्हतं.