मास्तरांची सतरावी ओळ

आमच्या माडीवरच्या मास्तरांइतका अर्धवटपणाचा हाडवैरी साऱ्या सोलापुरात नसेल. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेला, एकटा राहणारा हा माणूस तोंडातलं वाक्य संपल्याशिवाय बसमधून उतरत नसे. त्यापायी कितीदा तरी पुढच्या थांब्यावरून चालत आला. माझी जळजळीत पत्रकं वाचून मास्तर म्हणायचे, "क्रांती राहू दे रे, आधी क्रियापद पूर्ण कर."

एकोणऐंशी साली त्यांच्या एका विद्यार्थ्याने मुंबईहून मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड पाठवला. खाली राहणाऱ्या तेलुगू अक्का हाताने चरखा फिरवून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. खांदा पार गेला होता. मास्तरांनी माडीवर एका जुन्या चरख्याला मोटर जोडली. चिप वेळ मोजून सेकंदाला शेकडो वेळा वीज चालू-बंद करायची. चालू वेळ हळूहळू वाढवली की मोटर अलगद वेग घ्यायची. गोची थांबताना. वीज चालू असतानाच चिपची मोजणी तोडली, तर वीज चालूच राहायची, मोटर उसळायची आणि सूत तटकन तुटायचं.

बंद केला की बोर्ड सगळं विसरायचा. म्हणून रोज दुपारी मी वहीतून सूचना वाचायचो, मास्तर कळा दाबून भरायचे. मग अक्का चाचणीला सुताच्या लडी घेऊन यायच्या. तीन महिने त्यांनी तुटल्या सुताला गाठी मारल्या आणि मास्तरांच्या चहाचा, केराचा, फाटक्या बनियनचा उद्धार केला. वर म्हणायच्या, "नीट चाललं की यंत्र खाली नेणार हां मास्तर. हा जिना लई झाला."

एका सोमवारी मास्तरांना सतरावी ओळ सुचली: चालू वेळ शून्यावर आण, चालू-बंदचा फेरा पुरा होऊ दे, वीज बंद ठेव, मग मोजणी थांबव. मोटर अलगद थांबली. सूत शाबूत! मी टाळ्या पिटल्या. अक्का म्हणाल्या, "उद्या एकदा बघते, मग नेते."

मास्तरांनी चहाचे दोन्ही कप धुतले आणि अक्कांचा फळीवर पालथा घातला.

मंगळवारी मी सतरावी ओळ वाचली. त्यांचं बोट हललं नाही. पुन्हा मोठ्याने वाचली.

"अठरावी वाच," ते म्हणाले.

अक्का आल्या. मोटर उसळली, सूत तुटलं.

"अय्यो, आज बी तुटलं की!" अक्का गाठ मारत हसल्या. "असू द्या. उद्या येते."

मास्तर चहा ठेवायला उठले. फळीवरचा कप त्यांनी सुलटा केला. चहा उकळू लागला. खोटेपणाविरुद्ध गावभर पत्रकं वाटणाऱ्या माझ्याने राहवेना.

"अक्का, ती सतरावी ओळ..."

मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या चहाच्या वाफेआडून त्यांचे डोळे मला अजून दिसतात. मी वही मिटली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी मला वाक्य पूर्ण करायला सांगितलं नाही.